सोमवारी दुपारी धैर्य कुठे जातं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तुम्ही असं लिहिलंय: आठ महिने झाले, नोकरी नाही. घरी आई आजारी आहे. पहाटे चारला दचकून जाग येते आणि छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं वाटतं. रविवारी उपासनेला गेलात की गाणी, प्रार्थना, वचन यांनी उभारी येते, पण सोमवारी दुपारपर्यंत ती ओसरते. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे." तेव्हापासून तुम्ही विश्वास वाढावा म्हणून प्रार्थना करताय, आणि तो वाढत नाही म्हणून आणखी घाबरताय. ख्रिस्ती विश्वासातून रोजच्या जगण्यात धैर्य आणि आशा मिळवायची तरी कशी, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: मुलाखतीला जाताना हात थरथरतात, त्यावर काही उपाय आहे का. त्या हातांकडे मी शेवटी येतो.

मी चोवीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू आहे. त्यातली बरीच वर्षं आठवड्यातले दोन दिवस रुग्णालयात, रुग्णांच्या उशाशी बसण्यात गेली. जे लिहितोय ते तिथं शिकलेलं आहे. मी मानसशास्त्राचा जाणकार नाही, आणि हमखास नोकरी मिळवून देणारी प्रार्थना मला ठाऊक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला दिसतंय ते असं. तुम्हाला दोन भीती आहेत आणि तुम्ही त्यांची एकच मोट बांधली आहे. पहिली नोकरीची, आईच्या आजाराची, साठवलेलं संपत चालल्याची. ती रास्त आहे. ती वाटली नसती तर मलाच तुमची काळजी वाटली असती. दुसरी भीती अशी, की पहिली वाटते म्हणजे आपण देवाच्या नजरेत नापास झालो. पहिली तुम्हाला पहाटे उठवते, दुसरी प्रार्थनेला बसू देत नाही. माणसं खचतात ती बहुतेक वेळा दुसरीमुळे, असं मी पाहिलंय. म्हणून सुरुवात तिथून.

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात गिदोनाची गोष्ट आहे. आपण लहानपणापासून ऐकतो ती तीनशे माणसांची, रिकाम्या घागरींची आणि दिवट्यांची. त्याच्या आधीची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. गिदोन गहू झोडतोय, पण खळ्यात नव्हे, द्राक्षकुंडात. पिकं लुटून नेणाऱ्या मिद्यानी शत्रूंच्या नजरेला पडू नये म्हणून. आता गहू झोडायला उघडी जागा लागते, वारा लागतो. खड्ड्यात उभं राहून झोडला तर सगळा भुसा आपल्याच डोळ्यांत. अशा दडून बसलेल्या माणसाला देवदूत हाक मारतो ती "बलवान वीरा" अशी! मग पहिलं काम मिळतं: बापाच्या मालकीची, बआल या परक्या दैवताची वेदी पाडायची. गिदोन दहा चाकर घेतो आणि पाडतो, पण रात्री. बायबल कारण झाकतही नाही. घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटत होती म्हणून त्यानं ते दिवसा न करता रात्री केलं, असं सरळ लिहिलंय. "दिवसाढवळ्या करायला हवं होतंस" असं देव त्याला म्हणत नाही. वेदी पडली, काम झालं. पुढे नव्या करारात, इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासानं जगलेल्यांची नावं येतात, तिथं गिदोनाचं नाव आहे.

हा उतारा मी इतक्या लोकांबरोबर वाचलाय की "रात्री केलेलं चालतं" हा आमचा परवलीचा शब्दच होऊन बसलाय. एका बाईंना भावाला एक अवघड गोष्ट सांगायची होती. समोरासमोर तोंड उघडेना. तीन आठवडे मला रोज सांगायच्या, उद्या नक्की बोलते. शेवटी चिठ्ठी लिहिली, त्याच्या चपलेत ठेवली आणि तो उठायच्या आत घराबाहेर पडल्या. दुपारी फोन आला, "पाळकसाहेब, मी रात्री केलं." काम झालं होतं. आधी भीती जाईल, मग मी बोलेन, अशी वाट त्या बघत बसल्या असत्या तर आजही बसलेल्या असत्या.

बायबलमध्ये "भिऊ नको" बरोबर ३६५ वेळा येतं, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असं तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. मी एकदा वही-पेन्सिल घेऊन मोजायला बसलो होतो. तेवढी काही भरत नाहीत. पण मोजता मोजता दुसरंच लक्षात आलं. हे शब्द ज्यांच्या कानी पडतात ती माणसं त्या घटकेला घाबरलेलीच असतात. रानात पाणी संपल्यावर लेकराला झुडुपाखाली टाकून लांब जाऊन बसलेली हागार. मोशे गेल्यावर त्याच्या जागी उभं राहायची पाळी आलेला यहोशवा. रात्री कळप राखणारे मेंढपाळ. आणि पुष्कळ ठिकाणी "भिऊ नको"च्या पुढे "सगळं ठीक होईल" असं येत नाही, "मी तुझ्याबरोबर आहे" एवढंच येतं. अंधारात रडत उठलेल्या लेकराला आई हेच म्हणते. ती त्या वेळी त्याची परीक्षा घेत नसते.

आणि त्या वडीलधाऱ्यांचा नियम लावायचाच तर गेथशेमाने बागेतल्या येशूचं काय करायचं? माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असं तो शिष्यांना म्हणाला. तीच प्रार्थना तीनदा केली. माझ्याबरोबर जागे राहा अशी विनवणी केली, आणि ते झोपून गेले.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते स्पष्ट बोलतो, कारण एकच मलम सगळ्या जखमांना चोपडणारे लोक मी फार पाहिलेत. छातीवरचा धोंडा मनाचाच आहे असं गृहीत धरू नका. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. झोप आणि भूक कित्येक आठवडे गेलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर आज कुणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या सोबत्यांमध्ये लूक होता आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. तुमच्या बाबतीत लागू नसेल, पण वाचणाऱ्या एखादीला लागू असेल म्हणून हेही लिहितो: घरात मारहाण होत असेल तर तिथं धीरानं राहणं म्हणजे वधस्तंभ उचलणं नव्हे. शौल राजानं भाला फेकला तेव्हा दावीद अंगावर घ्यायला थांबला नाही, पळाला.

तुमचा रविवार आणि सोमवार बायबलमध्ये फार मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. १ राजे, अध्याय १८ आणि १९. अठराव्या अध्यायात देवाचा संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहतो, आकाशातून अग्नी उतरतो, लोक पालथे पडतात. हा रविवार. पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि हाच माणूस जीव घेऊन पळतो, रानात रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. हा सोमवार.

देवानं त्यावर काय केलं ते सावकाश वाचा. कर्मेलची आठवण करून दिली नाही. विश्वास वाढव म्हणाला नाही. एलीया झोपला होता, त्याला झोपू दिलं. मग दूतानं स्पर्श करून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं, प्यायला, पुन्हा आडवा झाला. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे, एवढंच सांगितलं. मग चाळीस दिवस चालणं. होरेब डोंगराशी पोहोचल्यावर कुठे बोलणं सुरू झालं, तेही वादळात, भूकंपात, अग्नीत नाही, तर मंद वाणीत. आणि बोलणंही काय? तू इथं काय करतोस? एलीयानं गाऱ्हाणं मांडलं. देवानं पुन्हा तेच विचारलं, त्यानं शब्दशः तेच गाऱ्हाणं पुन्हा सांगितलं. म्हणजे एवढं सगळं होऊनही त्याचा सूर बदललेला नव्हता! तरी त्याला काम दिलं, जोडीला अलीशा दिला, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत हे सांगितलं.

माझ्याकडे खचलेलं माणूस आलं की मी हाच क्रम धरतो. पहिला प्रश्न झोपेचा, दुसरा जेवणाचा, तिसरा शेवटचं कधी पायी फिरलात हा. लोकांना वाटतं पाळक आहे, आधी प्रार्थनेचं विचारेल. प्रार्थना तर मी मनात करतच असतो. पण उपाशी आणि जागरणानं तारवटलेल्या माणसाला वचन ऐकवलं की ते त्याला खोटं वाटतं, आणि मग त्या वचनावरूनच त्याचा जीव उडतो. तुम्ही आईच्या औषधांच्या वेळा सांभाळता आणि स्वतः दुपारचं जेवण टाळता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या.

पहाटे चारचं सांगतो. एकदा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, आत त्यांची मुलगी. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणाले, प्रार्थना सुचत नाही. मी म्हटलं, प्रभूची प्रार्थना म्हणू या, ती सुचावी लागत नाही. दोघांनी सुरुवात केली. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथं ते थांबले आणि पुढे जाईनात. मला वाटलं, रडू आलं. पण ते समोरच्या घड्याळाकडे बघत होते. मग म्हणाले, "यात 'आज' असं म्हटलंय ना? मी गेला तासभर तिच्या लग्नात कसं होईल याचा विचार करतोय." मुलगी नऊ वर्षांची होती.

तो "आज" मी तेव्हापासून सोडलेला नाही. रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, मान्ना, तोही एका दिवसापुरताच होता. कुणी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा, कारण सातवा विसाव्याचा. धैर्य तसंच मिळतं असं मला दिसलंय. पुढच्या वर्षाचं धैर्य आज मागितलं तर हाती काही लागत नाही, आणि मग वाटतं देव देत नाही. म्हणून चारला जाग आली की अंथरुणात पडून आयुष्याचा ताळेबंद मांडू नका. त्या वेळचा ताळेबंद नेहमी तोट्यात दिसतो. उठा, दिवा लावा, घोटभर पाणी प्या, तळपाय जमिनीला टेकवून खुर्चीवर बसा. मग ४२ वं आणि ४३ वं स्तोत्र आवाज काढून वाचा. आई जागी होणार नाही इतपत. त्यात गाणारा देवाशी बोलता बोलता मध्येच स्वतःशी बोलतो: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. हे पालुपद तीनदा येतं. एकदा समजावलं, पुन्हा खचला, पुन्हा समजावलं, पुन्हा खचला, तिसऱ्यांदा समजावलं. एकदाच समजावून भागत असतं तर एकदाच लिहिलं असतं. वाचून झालं की एकच वाक्य म्हणा: आज रात्री झोपेपर्यंत पुरेल एवढं दे. त्यानंतर झोप लागली तर लागली.

अशा अवेळी उठून बसणारे तुम्ही एकटे नाही. १९५६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात सत्तावीस वर्षांच्या एका पाळकाला मध्यरात्री धमकीचा फोन आला. शहरातल्या बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराचं नेतृत्व त्याच्याकडे आलं होतं. आत बायको आणि दोन-अडीच महिन्यांची मुलगी झोपलेली. तो स्वयंपाकघरात गेला, कॉफी केली, आणि कुणाला न दुखावता यातून अंग कसं काढून घेता येईल याचा विचार करत बसला. शेवटी मोठ्यानं प्रार्थना केली, आणि तिचा आशय असा, की मी ज्यासाठी उभा आहे ती गोष्ट योग्य आहे असं मला वाटतं, पण मला भीती वाटतेय, माझ्यातलं बळ संपलंय. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ही रात्र पुढे अनेकदा सांगितली. त्या टेबलाशी आपल्याला बळ मिळालं असं ते म्हणत. पण त्यानंतर धमक्या थांबल्या नाहीत. ३० जानेवारीला त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, बायको आणि मुलगी आत असताना, दोघी वाचल्या. बहिष्कार डिसेंबरपर्यंत चालला. मला या गोष्टीत सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, की ती प्रार्थना "माझं संपलंय" या कबुलीनं सुरू झाली. मार्काच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बापही तेच बोलतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूनं मुलाला बरं केलं. बापाला आधी अविश्वास निस्तरून ये असं सांगितलं नाही.

तुम्ही लिहिलंय, प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. हे बरेच जण बोलायला लाजतात. मदर तेरेसा गेल्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रं छापून आली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, आत नुसता अंधार होता. काहींना धक्का बसला. मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. पहाटेची प्रार्थना चालू होती, रुग्णांची सेवा चालू होती. जाणवणं हा हवामानाचा भाग आहे, येतं-जातं. रविवारी तीनशे माणसं एका सुरात गातात तेव्हा हवा उबदार होणारच. सोमवारी एकटं बसलं की गार होणार. त्यावरून देव कुठे आहे याचा अंदाज बांधू नका.

आशेबद्दल आता, आणि इथं मला थोडं परखड व्हावं लागेल. यिर्मया २९:११ तुमच्याही भिंतीवर असेल: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला आशा देणारे. सुंदर वचन आहे. पण त्याच्या बरोबर वरच्या ओळीत काय आहे ते वाचलंत का? सत्तर वर्षं. इसवी सन पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया पत्र पाठवतोय. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगून गेलाय, दोन वर्षांत सगळे परत याल. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. यिर्मया म्हणतो, तसं नाही. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यातले कितीतरी परत न जाताच मरणार होते. तरी त्यांना बाग लावायला सांगितलं.

आपल्याकडे आशेच्या नावावर पुष्कळदा हनन्या वाटला जातो. "पुढच्या महिन्यापर्यंत देव दार उघडणार, बघाच तुम्ही." महिना संपतो, दार उघडत नाही, आणि माणूस देवावर नाहीतर स्वतःवर रुसतो. मीही तरुणपणी असं बोललोय, आणि त्याची लाज अजून जात नाही. तुम्हाला दोन महिन्यांत नोकरी लागेल का, मला माहीत नाही. दरम्यान तुमची बाग कोणती हे तुम्हालाच शोधावं लागेल. आमच्या मंडळीतले एक जण काम सुटल्यावर रोज सकाळी दोन तास मंदिराची जुनी वायरिंग दुरुस्त करायला येत. वर्षभरानं त्यांना नोकरी मिळाली. ती या वायरिंगमुळे मिळाली नाही, तिचा याच्याशी काही संबंध नव्हता. पण ते वर्ष ते रोज दाढी करून, डबा घेऊन घराबाहेर पडले.

ख्रिस्ती आशेचं मूळ मात्र बागेत नाही, रिकाम्या कबरेत आहे, हे सांगायला मी कचरणार नाही. पौल तर करिंथकरांना रोखठोक लिहितो, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. म्हणूनच ही आशा, जिथं डॉक्टर मान हलवतात तिथंही, मी तोंडातून काढू शकतो. आणि तिच्यातली एक गोष्ट मला दरवेळी थांबवते. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. थोमाला त्यानं तेच दाखवले. म्हणजे झालेलं पुसलं गेलं नाही, त्याच्यासकट तो जिवंत होता. पंडिता रमाबाईंचं आयुष्य याच उजेडात मला थोडंफार कळतं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही होतात न होतात तोच नवरा गेला, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा. बाई बायबलच्या मराठी भाषांतराला बसलेल्या होत्या. त्या बसलेल्याच राहिल्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्यांना रडू आलं नसेल असं समजण्याचं कारण नाही.

रडण्यावरून माझी एक चूक सांगतो. नवा पाळक असताना लेकरू गेलेल्या एका आईकडे गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वाचून वर पाहिलं. ती माउली शांतपणे म्हणाली, "तुम्ही थोडा वेळ गप्प बसाल का?" बसलो. तासभर बसलो. वचन खरंच होतं, पण ते तिनं कधीतरी स्वतः म्हणायचं होतं. मी त्या दिवशी तिच्या अंगावर टाकायचं नव्हतं. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले होते तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं चाळलीत तर जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा निघेल. तेराव्या स्तोत्रात "कुठवर?" हा प्रश्न चारदा आहे. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तेव्हा देवापुढे नीटनेटकं बोलायची सक्ती स्वतःवर करू नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: भीती वाटणं हा गुन्हा नाही, शरीराची हेळसांड करू नका, मागायचं ते आजपुरतं मागा, आणि आशेला तारखेची अट घालू नका. राहिला सोमवार.

सोमवारची दुपार एकट्यानं काढायची नसते. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. तिथं लिहिलंय, येशूनं "त्यांचा विश्वास" पाहून त्या पक्षाघाती माणसाला क्षमेचे शब्द बोलले. बाजेवरच्याच्या विश्वासाचा वेगळा उल्लेखही नाही. काही दिवस असे असतात की आपण बाजेवर असतो आणि विश्वास दुसऱ्यांचा चालतो. तुमच्या मंडळीत चार नाही, एक शोधा. फार ज्ञानी नको, उपदेशाची हौस असलेला तर मुळीच नको. त्याला सांगा: सोमवारी दुपारी दोनला मला फोन कर, "कसा आहेस" विचार, मी खरं सांगेन, तू एक मिनिट प्रार्थना कर आणि ठेवून दे. पाच मिनिटांच्या वर नाही. हे मी कितीतरी जणांना लावून दिलंय. पहिल्या दोन-तीन सोमवारी अवघडल्यासारखं होतं. कुणी "मजेत" म्हणून फोन ठेवून देतो. चौथ्या सोमवारी सहसा खरं बाहेर येतं.

आणि एक वही ठेवा. रोज रात्री एकच ओळ: आज मदत कुठून आली? मोठं काही लागत नाही. आईला आज दुपारी झोप लागली. शेजाऱ्यानं औषध आणून दिलं. पहाटे स्तोत्र वाचताना पुन्हा डोळा लागला. काहीच सुचलं नाही तर तारीख घाला आणि कोरी ठेवा, खोटं लिहू नका. शमुवेल संदेष्ट्यानं मिस्पा आणि शेन या गावांच्या मध्ये एक धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर नाव दिलं: येथवर परमेश्वरानं आम्हाला साहाय्य केलं आहे. त्या "येथवर"वर माझा फार जीव आहे. त्यात पुढचं काही सांगितलेलं नाही, मागचं मात्र नाकारता येत नाही. दीड-दोन महिन्यांनी वही मागून पुढे वाचा.

त्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. बहुधा त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं होतं आणि त्यांनी कधी आपली भीती कुणापुढे काढली नाही. जमलं तर कधी त्यांच्या शेजारी बसून विचारा, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली होती? ते उठून गेले तर गेले. सांगायला लागले तर घरी जायला उशीर होईल.

आता हात. पौल करिंथकरांना आठवण करून देतो की मी तुमच्याकडे आलो तो दुर्बळपणे, भीत भीत आणि थरथरत. तो बोलला, आणि तिथं मंडळी उभी राहिली. तेव्हा थरथर थांबवण्याच्या मागे लागू नका, ती होणार असं धरूनच जा. कागद सुटे नेऊ नका, पातळ कागदाची थरथर लगेच दिसते. जाड फाईल घ्या आणि ती मांडीवर ठेवून दोन्ही हात तिच्यावर टेका. पाणी दिलं तर पेला अर्धाच भरून मागा. दहा मिनिटं आधी पोहोचा आणि बाहेर बसल्या बसल्या श्वास आत घेताना "तू माझ्याबरोबर" आणि सोडताना "आहेस" असं मनात म्हणा; २३ व्या स्तोत्रातलेच शब्द आहेत, मृत्युच्छायेच्या दरीतले. कुणी विचारलंच की हात का थरथरतायत, तर सांगा, या कामाची मला फार गरज आहे म्हणून. पुढची मुलाखत कधी आहे ते कळवा. त्या दिवशी त्या वेळेला मी प्रार्थनेला बसेन, फक्त तारीख आणि वेळ नक्की लिहा. गेल्या वेळी एकांसाठी मी चुकीच्या मंगळवारी बसलो होतो.